उन्हाळ्यात दुकान व कार्यालयातील संगणकांची काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव आणि विटा या भागांतील दुकानदार, अडत व्यापारी, कर सल्लागार, झेरॉक्स व डीटीपी केंद्रचालक आणि लहान कारखानदार यांच्याकडून होळीच्या सुमारास जे प्रश्न येऊ लागतात, ते येथे एकत्र केले आहेत. ज्यांच्याकडे एकापासून दहा-बारापर्यंत संगणक आहेत आणि ते सांभाळायला वेगळा माणूस नाही, अशा व्यावसायिकांना डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संगणक वर्षभर नीट चालतो. मग उन्हाळ्यासाठी वेगळी तयारी खरोखरच करावी लागते का?

करावी लागते. बहुतेक कंपन्या आपला संगणक खोलीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल असे गृहीत धरून बनवतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि पत्र्याखालच्या बंद दुकानात तो त्याहूनही चढतो. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा नेहमीच अधिक गरम असते, हेही लक्षात घ्यावे.

तरीही नुसत्या उष्णतेने संगणक कायमचा निकामी झाल्याची उदाहरणे कमी आढळतात, कारण आजचे प्रोसेसर फार तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद करतात. उन्हाळ्यात होणारे बहुतेक नुकसान धुळीने अडलेल्या हवेमुळे, तापून म्हाताऱ्या झालेल्या बॅटरीमुळे आणि विजेच्या चढउतारांमुळे होते. म्हणून आमचा सल्ला असा की, खर्चाचा क्रम आधी सफाई, मग यूपीएसची बॅटरी व अर्थिंग, मग बॅकअप असा ठेवावा आणि एसीचा विचार सर्वांत शेवटी करावा. प्रत्यक्षात अनेक जण नेमके उलट करतात.

२. ही तयारी केव्हा करावी?

महाशिवरात्र ते होळी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. मार्चअखेरीच्या आठवड्यात हिशेबाची घाई असते, दुरुस्ती करणारेही हाताला लागत नाहीत आणि त्या दिवसांत चालू संगणक उघडणे शहाणपणाचे नसते. ज्यांच्याकडे धूळ अधिक असते, त्यांनी मेच्या अखेरीस, म्हणजे मृगाच्या आधी, दुसऱ्यांदा सफाई करून घ्यावी, कारण साचलेल्या धुळीला पावसाळी दमटपणा लागला की तिचा थर घट्ट बसतो.

३. आम्ही सातारा जिल्ह्यात आहोत. आम्हालाही हे सर्व लागू पडते का?

सातारा शहर सांगलीपेक्षा उंचावर असल्याने तेथे उन्हाचा त्रास थोडा कमी जाणवतो. माण, खटाव आणि फलटण या तालुक्यांना मात्र पुढील सर्व उत्तरे जशीच्या तशी लागू आहेत. महाबळेश्वर-पाचगणीकरांची खरी अडचण पावसाळ्यातील दमटपणाची असते, तो विषय वेगळा.

४. संगणकाला उष्णतेचा त्रास होतो आहे हे कसे ओळखावे?

सकाळी ठीक चालणारा संगणक दुपारी एक-दोनच्या पुढे मंदावतो, पंख्याचा आवाज वाढतो आणि तो उतरतच नाही, ही पहिली खूण. कोणताही संदेश न देता संगणक अचानक बंद होतो, लगेच सुरू करू गेल्यास होत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांनी होतो, ही दुसरी आणि अधिक गंभीर खूण.

खात्री करायची असल्यास संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन प्रोसेसरचे तापमान पाहता येते, किंवा ते दाखवणारा एखादा मोफत प्रोग्रॅम वापरता येतो. संगणक निवांत असताना ४० ते ५५ अंश आणि कामाच्या भरात ८० ते ८५ अंशांपर्यंतचे आकडे उन्हाळ्यात काळजीचे नाहीत. सामान्य कामातच आकडा ९५ च्या वर राहत असेल, तर सफाई पुढे ढकलू नये. हार्ड डिस्कचे तापमान ५० अंशांच्या आत राहिलेले बरे.

संगणक सकाळी आणि दुपारी सारखाच मंद असेल, तर दोष उष्णतेचा नसून बहुधा डिस्कचा किंवा व्हायरसचा असतो. दिवे क्षणभर लुकलुकले की संगणक बंद पडतो अशी तक्रार असेल, तर प्रश्न १० पाहावा.

५. आतील सफाई स्वतः करता येईल का?

डेस्कटॉपची सफाई काळजीपूर्वक केल्यास करता येते. लॅपटॉप मात्र जाणकाराकडूनच उघडून घ्यावा.

संगणक बंद करून मागची वायर काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो, आणि मग कॅबिनेट अंगणात किंवा गच्चीवर न्यावे. दुकानातच ब्लोअर मारला, तर निघालेली धूळ तासाभरात पुन्हा शेजारच्या संगणकात जाऊन बसते. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने किंवा लाकडी काडीने धरून ठेवावे, कारण हवेच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते.

सर्वाधिक लक्ष प्रोसेसरवरील हीटसिंककडे, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्याकडे, द्यावे. वरून पाहता पंखा स्वच्छ दिसतो, पण पंखा आणि खालच्या धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा राखाडी थर नमद्यासारखा पसरलेला असतो. वरून कितीही हवा मारली तरी तो हलत नाही. शक्य असल्यास पंख्याचे स्क्रू काढून पंखा बाजूला करावा आणि तो थर मऊ ब्रशने उचलून काढावा. अनेकदा तो अखंड पापुद्र्यासारखा निघून येतो आणि तेवढ्यानेच तापमानात स्पष्ट फरक पडतो. पंखा काढताना हीटसिंकच उचलला गेला, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पूर्ण पुसून नवी लावल्याशिवाय तो परत बसवू नये. नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरते, जास्त लावल्याने अधिक थंड होत नाही.

एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधील वीज पुरवणारी पेटी, कधीही उघडू नये; त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या भागांमध्ये) वायर काढल्यानंतरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो. बाहेरच्या जाळीतून हवा मारणे पुरेसे आहे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचे नळकांडे मदरबोर्डला लावू नये, कारण त्याने स्थिर वीज निर्माण होते. ओले फडके आत कोठेही वापरू नये.

६. आमची अडत मार्केट यार्डात आहे. हळदीची पूड सगळीकडे बसते. वेगळे काय करावे?

हळदीची मोठी आवक आणि कडक ऊन नेमके एकाच वेळी येत असल्याने हा प्रश्न सांगलीत वारंवार येतो. हळदीत नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तिची पूड साध्या मातीसारखी सुटी न राहता पंख्याच्या पात्यांच्या कडांना आणि हीटसिंकच्या पट्ट्यांना चिकटून बसते. ब्लोअरने वरचा थर उडतो, पण पात्यांवर पिवळी किनार उरते. ती कोरड्या ब्रशने घासून काढावी लागते. पूड दाट असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस किंचित बुडवून फक्त पात्यांवरून फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावरच संगणक सुरू करावा. ही सफाई करताना तोंडाला मास्क असावा.

सफाईपेक्षा जागेचा बदल अधिक उपयोगी पडतो. पोती ओतण्याची जागा आणि वजनकाटा यांपासून संगणक शक्य तितका दूर, जमिनीपासून दोन फूट उंचीवर ठेवावा. पट्टी करण्याचे टेबल काचेच्या किंवा प्लायवूडच्या आडोशामागे घेता आले तर उत्तम. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बारीक जाळी लावून ती दर आठवड्याला झटकावी. जाळी लावून विसरणे हे जाळी न लावण्यापेक्षा वाईट, कारण ती बुजली की हवा आत जाणेच थांबते. धूळ बसू नये म्हणून चालू संगणकावर कापड टाकण्याची पद्धत अनेक पेढ्यांवर दिसते. संगणक बंद असतानाच झाकावा, चालू असताना कधीही नाही.

गुळाच्या आणि पिठाच्या धंद्यातही हेच उत्तर लागू पडते. गुळाच्या बाबतीत पावसाआधीची सफाई चुकवू नये, कारण गुळाची भुकटी दमट हवेत ओलावा शोषून चिकट होते.

७. कॅबिनेटची बाजू काढून समोर टेबल फॅन लावला तर चालेल का?

मार्चअखेरीच्या एखाद्या अडचणीच्या दिवशी चालेल, कायमचा उपाय म्हणून नाही. कॅबिनेटमध्ये हवा पुढून आत येऊन मागून बाहेर पडेल अशी रचना असते. बाजू उघडी राहिली की हवेचा हा मार्ग मोडतो आणि धूळ सरळ मदरबोर्डवर बसते. उघड्या कॅबिनेटमध्ये पाली शिरतात हा अनुभव आपल्याकडे नवा नाही, आणि पाल दोन टोकांमध्ये अडकली तर पालही जाते आणि बोर्डही. त्यापेक्षा कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे आणि टेबलाच्या बंद कप्प्यात असल्यास बाहेर काढावे. हा बिनखर्चाचा उपाय अधिक टिकाऊ आहे.

८. कूलर लावला तर संगणकाला दमटपणाचा त्रास होईल का?

एप्रिलमध्ये दुपारची हवा बरीच कोरडी असते. त्या काळात खिडकी उघडी ठेवून कूलर लावल्यास संगणकाला अपाय होत नाही, उलट खोली थंड झाल्याने फायदाच होतो. खिडक्या-दारे बंद करून कूलर लावला तर मात्र दमटपणा साचतो, प्रिंटरचा कागद मऊ पडून अडकू लागतो आणि माणसेही चिकट होतात.

कूलरचा झोत थेट संगणकावर घेऊ नये. झोताबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असल्याने, हे थेंब वाळल्यावर मागे पांढरा क्षार उरतो. मॉनिटरच्या मागच्या जाळीवर पांढरट ठिपके दिसू लागले, तर कूलरची दिशा बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. वळिवाचे दोन-तीन पाऊस झाले की हवेतील बाष्प वाढते, कूलरने फारसे थंड होत नाही आणि दमटपणा तेवढा वाढतो, म्हणून त्यानंतर तो संगणकाच्या खोलीत न लावलेला बरा. वाळ्याच्या पडद्यांनाही हीच सूचना लागू आहे.

९. संगणकांसाठी एसी घ्यावाच लागेल का? घेतल्यास किती टनाचा आणि किती अंशांवर ठेवावा?

एक-दोन संगणक असतील तर एसी माणसांसाठी घ्यावा, संगणकांसाठी त्याची गरज नाही. सर्व्हर सतत चालू राहणारे कार्यालय, किंवा चार-पाच संगणक असलेली पत्र्याखालची खोली, यांचा विचार वेगळा करावा लागतो.

साधा डेस्कटॉप मॉनिटरसह नेहमीच्या कामात सुमारे १०० ते १५० वॅट वीज घेतो आणि ती सगळी शेवटी उष्णता म्हणून खोलीत येते. बसलेला माणूसही १०० वॅटच्या आसपास उष्णता देतो. म्हणजे चार संगणक आणि चार माणसे मिळून साधारण एक किलोवॅट होतात. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकू शकतो. मग एक टनाचा एसी अपुरा का पडतो, तर उरलेली उष्णता छतातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येते म्हणून. त्यामुळे एसीचा टन वाढवण्याआधी पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढरा चुना अथवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यावा, आतून फॉल्स सीलिंग करून घ्यावे आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावावा. बाहेरून म्हणण्याचे कारण असे की, ऊन काचेतून आत आल्यावर आतल्या पडद्याने ते बाहेर जात नाही.

तापमान २४ ते २६ अंश पुरते. भारतात स्टार मानांकन असलेले घरगुती एसी जानेवारी २०२० पासून सुरू करताच मुळात २४ अंशांवर येतात, तेच राहू द्यावे. १८ अंशांवर ठेवल्याने संगणकाचे आयुष्य वाढत नाही, फक्त विजेचे बिल वाढते. इनडोअर युनिटच्या थेट खाली संगणक, प्रिंटर किंवा यूपीएस ठेवू नये. ड्रेनचा पाइप तुंबला की पाणी तेथेच टपकते.

१०. यूपीएस पूर्वी पंधरा-वीस मिनिटे चालायचा. आता लाइट जाताच संगणकही बंद पडतो. यूपीएस बदलावा का?

बहुधा फक्त बॅटरी बदलावी लागेल. लहान यूपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचे आयुष्य सुमारे २५ अंश तापमानाला मोजलेले असते आणि त्यावर दर ८ ते १० अंश वाढीला ते जवळपास निम्मे होते. आपल्याकडे दोन ते तीन वर्षे टिकली तर ती बॅटरी चांगली निघाली असे समजावे. टेबलाखाली, भिंतीला चिकटवून, कागदांच्या गठ्ठ्यांमागे ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी त्याहून लवकर जाते.

दर वर्षी मार्चच्या आधी चाचणी घ्यावी. सर्व कामे सेव्ह करून, संगणक चालू असताना यूपीएसला वीज देणारा भिंतीवरचा स्विच बंद करावा (यूपीएसवरचे बटण नव्हे) आणि संगणक किती मिनिटे चालतो हे घड्याळ लावून पाहावे. चालू फाईल सेव्ह करून संगणक रीतसर बंद करण्यापुरतीही, म्हणजे पाच मिनिटेही, यूपीएस टिकत नसेल तर बॅटरी बदलावी. नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवावी. बॅटरी फुगलेली दिसली तर चाचणीची वाट न पाहता ती काढावी. जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याला परत करावी, तिच्यात शिसे असते.

लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये. छपाई सुरू होताना तो क्षणात मोठा प्रवाह ओढतो आणि लहान यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो.

११. दुकानाला इन्व्हर्टर आहे. मग वेगळा यूपीएस कशाला?

वीज गेल्यावर इन्व्हर्टरला बॅटरीवर येण्यास थोडा अवधी लागतो. तेवढ्यात पंखा थांबत नाही, पण संगणक बंद पडू शकतो. अनेक इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडचे बटण असते. ते त्या स्थितीत ठेवल्यास हा अवधी कमी होतो आणि बरेच संगणक तगतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर एसएमपीएस आणि छोटे यूपीएस आवाज करतात व अधिक तापतात. हिशेबाचा मुख्य संगणक इन्व्हर्टर असला तरी यूपीएसवर ठेवावा, असे आमचे मत आहे.

उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीतील पाणी लवकर कमी होते. दर महिन्याला पातळी पाहून केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. आरओचे किंवा नळाचे पाणी चालत नाही. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराखालच्या कप्प्यात ठेवू नये.

१२. दुपारी व्होल्टेज फार कमी येते. स्टॅबिलायझर लावावा का?

संगणकाचा आधुनिक एसएमपीएस आणि लॅपटॉपचा चार्जर बऱ्याच कमी व्होल्टेजवरही चालतात. त्रास होतो तो यूपीएसला. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेले की यूपीएस बॅटरीवर येतो, वर आले की परत विजेवर जातो, आणि आतल्या रिलेचा टकटक आवाज दुपारभर चालू राहतो. अशा वेळी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि नेमकी वीज गेली की यूपीएस दगा देतो. हा आवाज रोज येत असेल तर यूपीएसच्या आधी चांगला स्टॅबिलायझर लावावा, आणि शेजारच्या दुकानांतही तसेच असेल तर महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

याच्या उलट, दिवे अचानक फार प्रखर झाले आणि पंखे जोरात फिरू लागले, तर न्यूट्रल तुटला असण्याची शक्यता असते. अशा वेळी २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास वीज येऊ शकते. विचार करत न बसता मेन स्विच बंद करावा आणि वायरमनने तपासल्याशिवाय लावू नये.

१३. अर्थिंग नीट आहे की नाही हे कसे कळेल? उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायला का सांगतात?

कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर अर्थिंग नाही किंवा ते नाममात्र आहे. नीट मोजायचे असल्यास वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. संगणक चालू असताना ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे.

अर्थिंगचे काम जमिनीतील ओलाव्यावर चालते. मे महिन्यात जमीन कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग कमकुवत होते. म्हणून खड्ड्याच्या नळीत आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी ओतावे. ज्या इमारतीत खड्डा फरशीखाली गाडला गेला आहे, तेथे नवा खड्डा घेणे स्पाइक गार्ड बदलत बसण्यापेक्षा स्वस्त पडते.

तिसरी पिन तोडून प्लग बसवणे, किंवा बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडणे, हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात. दुसऱ्या प्रकारात न्यूट्रल सुटला की संगणकाच्या धातूच्या पेटीतच वीज येते.

१४. वळिवाच्या पावसात विजा चमकतात तेव्हा स्पाइक गार्ड पुरेसा आहे का?

नाही. स्पाइक गार्ड लहान धक्के शोषतो, तेही अर्थिंग चांगले असेल तर (प्रश्न १३), आणि धक्के शोषत त्याची क्षमता कालांतराने संपते. जवळ वीज पडल्यास खरा उपाय एकच : प्लग भिंतीतून काढणे. स्विच बंद करणे म्हणजे प्लग काढणे नव्हे.

धक्का केवळ विजेच्या तारेतून येत नाही. गच्चीवरून येणारी सीसीटीव्हीची केबल, दोन इमारतींमधली नेटवर्क केबल आणि तांब्याच्या तारेचे ब्रॉडबँड यांतूनही तो येतो. वळिवानंतर नुसते लॅन पोर्ट (नेटवर्क केबल जोडण्याची जागा) गेलेले संगणक दुरुस्तीला येतात, त्याचे कारण हेच. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याचा ॲडॉप्टर प्लगमध्येच असतो, तोही काढावा. हे सर्व दुपारी ढग भरून येऊ लागताच करावे. विजा डोक्यावर कडाडत असताना वायरींना हात लावू नये.

१५. लाइट आल्याबरोबर संगणक सुरू करावा का?

पाच मिनिटे थांबावे. वीज परत येताना व्होल्टेज स्थिर नसते आणि ती बऱ्याचदा लगेच पुन्हा जाते. एसीलाही तीन ते पाच मिनिटांचा अवधी द्यावा. वीज येताच संगणक आपोआप सुरू होत असेल, तर बायोसमध्ये तशी सोय लावलेली असते. सर्व्हर सोडून इतर संगणकांवर ती बंद करून घ्यावी.

१६. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि इंटरनेटचा राउटर यांचीही काळजी घ्यावी लागते का?

संगणकापेक्षा अधिक, कारण ते रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. चोरीला जाऊ नये म्हणून डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणारे यंत्र, बहुधा पोटमाळ्यावर, लाकडी पेटीत कुलूपबंद ठेवलेला असतो. खोलीतील सर्वांत गरम हवा तेथेच साचते आणि आत हार्ड डिस्क सतत लिहीत असते. पेटी ठेवावीच, पण तिच्या खाली आणि मागे-वर मोठी भोके पाडून जाळी लावावी, आणि पेटीत यूपीएस ठेवू नये.

डिस्क गेली तरी पडद्यावर चालू चित्र दिसत राहते, हा या यंत्राचा मोठा धोका. म्हणून महिन्यातून एकदा मागच्या आठवड्याचे रेकॉर्डिंग लावून पाहावे. राउटर दुपारीच अडकत असेल तर तो यूपीएसवरून किंवा लोखंडी कपाटावरून उचलून भिंतीवर मोकळ्या जागी लावावा. कंपनीला तक्रार करण्याआधी एवढे करून पाहावे.

१७. बिलाचे रोल काळे पडतात आणि प्रिंटरची शाई वाळते. उपाय आहे का?

थर्मल कागद उष्णतेनेच काळा होतो, त्याचे कामच ते आहे. रोल उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याला लागून असलेल्या फळीवर ठेवू नयेत. जी बिले पुढे दाखवावी लागणार आहेत, त्यांचा फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवावी, कारण मूळ छपाई कालांतराने पुसटही होते. बारकोड लेबलचे रोल तापल्यास त्यांचा गोंद पाझरून प्रिंटरच्या हेडला चिकटतो. टोनर थंड जागी, मूळ पिशवीत ठेवावा. इंक टँक प्रिंटरवर आठवड्यातून एक रंगीत पान काढावे, म्हणजे हेड वाळत नाही.

१८. लॅपटॉपची बॅटरी फुगली आहे, पण तो चालतो. वापरत राहावे का?

नाही. टचपॅड वर आला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर लॅपटॉप बंद करावा, चार्जिंग काढावे आणि बॅटरी बदलून घ्यावी. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नये, ती पेट घेऊ शकते. उन्हातील गाडीत लॅपटॉप ठेवणे आणि गादीच्या पेढीवर तो थेट कापडावर ठेवून वापरणे टाळावे. दिवसभर चार्जिंगवरच चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असल्यास ती लावावी.

१९. आम्ही टॅलीचा बॅकअप रोज डी ड्राइव्हवर घेतो. उन्हाळ्यासाठी ते पुरेसे आहे का?

उन्हाळ्यासाठीही नाही आणि पावसाळ्यासाठीही नाही. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे भाग असतात, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही जातात. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवरील साठवणीत असावी. बाहेरची डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली, तर विजेचा धक्का आणि व्हायरस दोन्ही तिच्यापर्यंत पोहोचतात. सांगलीने २००५ आणि २०१९ चा महापूर पाहिला आहे. दुकान आणि घर दोन्ही नदीकाठच्या पट्ट्यात असतील, तर इंटरनेटवरील प्रत ऐच्छिक मानू नये.

मार्चअखेरीचा बॅकअप वेगळ्या नावाने कायम जपावा. तो दुसऱ्या संगणकावर एकदा रिस्टोर करून आकडे जुळतात का ते पाहावे. त्याखेरीज बॅकअप आहे असे म्हणता येत नाही.

२०. मे महिन्यात दुकान पंधरा दिवस बंद असते. सर्व बंद करून जावे की यूपीएस चालू ठेवावा?

यूपीएस पूर्ण चार्ज करून बंद करावा आणि सर्व प्लग काढावेत. पंधरा दिवसांत चांगली बॅटरी उतरत नाही. अपवाद सीसीटीव्हीचा. तो चालू ठेवायचा असल्यास त्याची वीजजोडणी आधीच स्वतंत्र करून घ्यावी, म्हणजे बाकीचा मेन बंद करता येतो. गावी जाण्याआधी मेमधील तारखा पाहाव्यात : दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ११ आणि २० या तारखा, आणि टीडीएसच्या शेवटच्या तिमाहीचे ३१ मे.

२१. सफाई केली, पेस्ट बदलली, बॅटरी नवी आहे, तरी संगणक दुपारी दोन ते चारमध्येच बंद पडतो. आता काय?

संगणक एक दिवस थंड खोलीत, दुसऱ्या बोर्डावर नेऊन त्याच कामाला लावावा. तेथेही बंद पडला, तर एसएमपीएस किंवा मदरबोर्डवरील कपॅसिटर कमजोर झाले असण्याची शक्यता मोठी आहे. जुना एसएमपीएस गार असताना भार पेलतो आणि तापल्यावर पेलत नाही. कपॅसिटरचे वरचे टोक सपाट न दिसता फुगीर दिसत असेल, तर निदान पक्के समजावे. एसएमपीएस बदलणे परवडते. आठ-दहा वर्षे जुन्या संगणकाचा मदरबोर्ड बदलण्यात मात्र पैसे घालू नयेत.

थंड खोलीत तो दिवसभर नीट चालला, तर दोष जागेचा किंवा वीजजोडणीचा आहे. त्यात सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड. दुपारी त्याच बोर्डावर कूलर किंवा फ्रिज चालू होतो, सैल झालेल्या सॉकेटमध्ये ठिणगी पडू लागते आणि संगणकाला मिळणारी वीज क्षणभर तुटते. मेन बंद करून यूपीएसचा प्लग उपसून पाहावा. पिन काळवंडलेल्या किंवा प्लास्टिक पिवळट होऊन वाकलेले असेल, तर तो बोर्ड त्याच दिवशी फेकावा, संगणकासाठी भिंतीतून थेट वेगळा पॉइंट घ्यावा आणि कूलर दुसऱ्या सर्किटवर न्यावा.